कॅम्पर व्हॅनमधला २४ इंची टीव्ही : दोनदा घेतला, तीनदा बसवला

आमच्या फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्पर व्हॅन, म्हणजे प्रवासात राहता येईल अशी गाडी, होऊन आता साडेतीन वर्षे झाली. या काळात तिच्यात दोन टीव्ही आले, त्यांतला एक बाद झाला, आणि दुसरा तीन वेगवेगळ्या ठिकाणी फिरून आता कपाटाच्या कडेला स्थिरावला आहे. सध्याचा टीव्ही २४ इंची, थेट १२ व्होल्टवर चालणारा आणि साधा, म्हणजे ज्याला दुकानदार ‘नॉन-स्मार्ट’ म्हणतात तसा आहे. त्याला येत्या दिवाळीत दीड वर्ष पूर्ण होईल. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण या आकाराच्या स्वस्त टीव्हींमध्ये खोक्यावरचे नाव दर सहा महिन्यांनी बदलते. शिवाय गाडीत टीव्ही टिकतो की नाही हे कंपनीच्या नावापेक्षा आकार, पॅनेल, वायर आणि भिंतीतला बोल्ट या चार गोष्टींवर ठरते, असे माझे मत झाले आहे. त्यामुळे हे परीक्षण एका टीव्हीचे आहे, तितकेच ते त्याला धरून ठेवणाऱ्या सामानाचेही आहे.

पहिला टीव्ही ३२ इंची होता. गाडी तयार करून घेताना यजमानांचा आग्रह होता की घरातल्यापेक्षा फार लहान पडदा नको, आणि बॉडीच्या गाळ्यातही ‘सगळे ३२च लावतात’ असे सांगण्यात आले. तो २३० व्होल्टचा, म्हणून इन्व्हर्टरवर चालणारा होता, आणि चालकाच्या केबिनमागील पार्टिशनवर १२ मिलिमीटर प्लायमध्ये नुसते लाकडी स्क्रू मारून बसवला होता. पार्टिशनवर तो भव्य दिसत असे, यात शंका नाही. पण आमच्या गाडीत पलंगावरून पार्टिशनपर्यंतचे अंतर जेमतेम दोन मीटर असल्याने क्रिकेटचा सामना पाहताना मान डावी-उजवीकडे फिरवावी लागे. आणि त्या टीव्हीची रुंदी चौकटीसह ७३ सेंटिमीटर भरत असल्यामुळे वरच्या कप्प्याचे दार पूर्ण उघडत नसे. चहाची पावडर काढण्यासाठी रोज टीव्हीच्या कोपऱ्याला कोपर लागत असे, आणि सासूबाई रोज न चुकता ‘सांभाळ गं’ म्हणत असत.

तो टीव्ही बाद झाला तो मात्र कोपराने नव्हे. आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेलो आणि परतलो, त्या खेपेनंतर पडद्यावर रुपयाच्या नाण्याएवढे दोन पांढरे, प्रखर ठिपके दिसू लागले. आठवड्याभरात तिसरा ठिपका आला. दुरुस्तीवाल्याने टीव्ही पालथा घालून उघडला आणि आतून काढलेली टिकलीएवढी एक पारदर्शक भिंग माझ्या तळहातावर ठेवली. पडद्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येक दिव्याचा प्रकाश सारखा पसरावा म्हणून त्यावर असे एकेक भिंग गोंदाने चिकटवलेले असते. हादऱ्याने आणि उन्हाच्या उष्णतेने गोंद सुटला की भिंग खाली घरंगळते, आणि त्या दिव्याचा प्रकाश पसरण्याऐवजी एका जागी भाल्यासारखा पडद्यावर येतो. त्याने तिन्ही भिंगे पुन्हा चिकटवून दिली. पुढच्या दौऱ्यात दुसरीच दोन पडली. घरातल्या भिंतीवर तोच टीव्ही कदाचित दहा वर्षे चालला असता. गाडीतला टीव्ही दिवसातून दोन तास चालतो आणि सहा-सात तास नुसता हादरतो, हे खरेदी करताना आमच्या कोणाच्याच डोक्यात आले नव्हते.

दुसऱ्या वेळी म्हणून मी खरेदीची सुरुवात दुकानातून न करता गाडीतून केली. जुन्या वर्तमानपत्राचे २२, २४ आणि ३२ इंचांचे तीन आयत कापून ते निरनिराळ्या भिंतींवर चिकटपट्टीने लावले, आणि चार दिवस तसेच राहू दिले. टीव्हीचा इंच कर्णावर मोजतात, त्यामुळे आकड्यावरून जागेचा अंदाज येत नाही. २४ इंची पडद्याची रुंदी ५३ सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर असते, ३२ इंचीची अनुक्रमे ७१ आणि ४०. कागदाचा आयत लावून पाहिल्यावर लक्षात आले की कपाटाच्या सरकत्या दाराकडील कडेला २४ इंची अगदी चपखल बसतो, तिथून तो पलंगाकडेही वळवता येतो आणि दार उघडून बाहेर खुर्च्या टाकल्या तर बाहेरही. दीड ते दोन मीटरवरून पाहायला २४ इंच पुरेसे आहेत. या आकारात ‘एचडी रेडी’ पडदाही पुरतो. फुल एचडीसाठी जादा पैसे केवळ त्यालाच द्यावेत, ज्याला लॅपटॉप जोडून आकड्यांचे तक्ते पाहायचे आहेत.

दुकानात जाताना मी मोजपट्टी आणि एक पेन ड्राइव्ह एवढेच नेले. पण सर्वांत उपयोगी पडली ती खाली बसण्याची तयारी. कारण गाडीत टीव्ही समोर खुर्चीत बसून क्वचितच पाहिला जातो. तो पाहिला जातो आडवे पडून, खालून आणि एका बाजूने. पडद्याच्या पॅनेलचे टीएन, व्हीए आणि आयपीएस असे प्रकार असतात, आणि त्यांतील टीएन पॅनेल समोरून व्यवस्थित दिसले तरी खालून पाहिल्यावर काळवंडते. गोरा चेहरा सावळा होतो आणि केसांच्या जागी फोटोच्या निगेटिव्हसारखी राखाडी झाक येते. सासूबाई जुन्या टीव्हीच्या आधी आम्ही चार दिवस तात्पुरता लावलेल्या एका जुन्या मॉनिटरकडे पाहून विचारत असत, ‘ही बाई परवा तर चांगली होती, आज हिचं तोंड असं काय झालं?’ तेव्हा आम्ही हसलो होतो, पण दोष त्यांच्या चष्म्यात नव्हता, पॅनेलमध्ये होता. खोक्यावर पॅनेलचा प्रकार बहुधा छापलेला नसतो, आणि ‘१७८ अंश’ हा पाहण्याच्या कोनाचा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो, त्यामुळे छापील मजकुरावर विसंबून चालत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानात मी चार टीव्हींवर एकच चित्र लावायला सांगितले आणि काउंटरसमोर फरशीवर मांडी घालून खाली बसले. ‘मॅडम, काही पडलं का?’ असे विचारत दुकानातला मुलगा धावत आला. खालून पाहिल्यावर चारांपैकी दोन टीव्ही दहा सेकंदांत बाद झाले. उरलेल्या दोघांत एक १२ व्होल्टचा होता, तोच घेतला. किंमत ६,८०० रुपये.

१२ व्होल्टचा आग्रह कशासाठी, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण याच मुद्द्यावर गाडी करून घेणाऱ्यांची सर्वाधिक फसगत होते. गाडीतल्या घरगुती उपकरणांसाठीची बॅटरी मुळातच १२ व्होल्टची असते. २३० व्होल्टचा टीव्ही लावला की इन्व्हर्टर १२ चे २३० करतो, आणि टीव्हीच्या पोटातली सर्किट ते पुन्हा उतरवून १२ ते २४ व्होल्टवर आणते. म्हणजे घागर डोक्यावर चढवायची आणि लगेच उतरवायची, आणि दोन्ही वेळा थोडे पाणी सांडायचे. आमचा जुना ३२ इंची इन्व्हर्टरसह बॅटरीतून साडेचार अँपिअर ओढत असे, आणि त्यातले सुमारे एक अँपिअर इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच खात असे. नवा २४ इंची मध्यम उजेडावर २.१ अँपिअर घेतो. रात्री पडदा मंद केला की दीडवर येतो. तीन तासांचा हिशेब केला तर कुठे साडेतेरा अँपिअर-तास आणि कुठे सहा-साडेसहा. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असल्याने आकडे फार मोठे वाटत नाहीत, पण पावसाळ्यात सलग दोन दिवस छतावरच्या सोलरने काही दिले नाही की हाच फरक सकाळच्या पाण्याच्या पंपाला आणि फ्रिजला उपयोगी पडतो. शिवाय इन्व्हर्टरच्या पंख्याची घरघर थांबली, हे सुख आकड्यांत मांडता येत नाही.

मात्र टीव्हीवर ‘डीसी १२ व्होल्ट’ असे लिहिले आहे म्हणून तो थेट बॅटरीला जोडावा, असा त्याचा अर्थ नाही. टीव्हीसोबत येणारा ॲडॉप्टर अचूक १२ व्होल्ट देतो. गाडीची बॅटरी मात्र कधीच अचूक १२ नसते. लिथियम बॅटरी सोलरवर किंवा आल्टर्नेटरवर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजयंत्रावर, भरत असताना १४.४ ते १४.६ व्होल्टपर्यंत चढते, आणि लेड-ॲसिड बॅटरी उतरत आली की १२ च्या खाली जाते. काही टीव्हींच्या मागच्या पट्टीवर चालण्याची व्होल्टमर्यादा छापलेली असते. आमच्या टीव्हीवर नुसतेच ‘१२’ होते. म्हणून मध्ये बक-बूस्ट रेग्युलेटर घातला, जो कमी किंवा जास्त कसाही पुरवठा आला तरी पलीकडे बाराच देतो. तो ९०० रुपयांना मिळाला. हे यंत्र केवळ ‘बक’ असून चालत नाही, कारण ते फक्त उतरवते, चढवत नाही. दुकानात हा शब्द नीट उच्चारून मागावा लागतो, नाहीतर हाती भलतेच पडते.

वायरच्या बाबतीत आमच्या पहिल्या वायरमनने हात आखडता घेतला होता. बॅटरी मागच्या पलंगाखाली आणि टीव्ही पुढे, म्हणजे जाण्याचे सहा आणि येण्याचे सहा असे १२ मीटर तांबे मध्ये असते. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या अंतरावर टीव्हीचा भार असताना सुमारे ०.४५ व्होल्ट वाटेतच गळतात, आणि त्याच वायरीवर सेट-टॉप बॉक्स आणि मोबाइलचे चार्जर असतील तर गळती दुप्पट-तिप्पट होते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर टीव्हीपुरती ही गळती ०.२ व्होल्टच्या आत आली. दुसऱ्या वेळी ती बदलून घेतली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज टाकला, आणि पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू न देणारी कडी, बसवला. फ्यूज टीव्हीजवळ नव्हे, बॅटरीजवळ असला पाहिजे, कारण तो टीव्हीला नाही, वायरीला आणि गाडीला वाचवतो; घासून उघडी पडलेली वायर पत्र्याला टेकली तर आग लागते ती मधल्या भागात. टीव्हीच्या आधी एक साधे बटणही लावले आहे. स्टँडबायला फार वीज जात नाही, पण गाडी सुरू करताना टीव्ही विद्युतपुरवठ्यापासून पूर्ण तुटलेला असावा, हे मला बरे वाटते.

आता बसवण्याविषयी. उद्यमनगरातल्या ज्या गाळ्यात दुसऱ्यांदा काम केले, तिथल्या मिस्त्रींनी जुन्या पार्टिशनमधले चार स्क्रू हातानेच उपटून दाखवले. ‘वहिनी, ह्या प्लायचा काय भरवसा नाही. बॉडीचा पाइप शोधायला लागतोय,’ असे म्हणून त्यांनी एका जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोऱ्याला बांधले आणि ते प्लायवरून अलगद फिरवत नेले. जिथे दोरा भिंतीकडे ओढला जाई, तिथे ते खडूने फुली मारत. पाच मिनिटांत आतल्या चौकोनी पाइपचा उभा सांगाडा भिंतीवर खडूने उमटला. ट्रॅव्हलरच्या कडेला असे उभे पाइप ठरावीक अंतरावर असतात आणि मध्ये नुसता पत्रा असतो. टीव्हीला धरायचे ते पाइपला, पत्र्याला किंवा प्लायला नाही. कपाटाची कड नेमकी पाइपपासून ९ सेंटिमीटर दूर होती, म्हणून त्यांनी ४ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी दोन पाइपांवर आडवी टाकली, पाइपमध्ये एम-६ चे, म्हणजे ६ मिलिमीटरच्या बोल्टचे, रिव्हेट नट (पोकळ पाइपात घट्ट बसणारे नट) बसवले, आणि टीव्हीचा हात, म्हणजे टीव्हीला धरणारी दुमडती दांडी, त्या पट्टीला पकडला. गंज लागू नये म्हणून छिद्रांच्या कडांना झिंकचा रंग लावायलाही ते विसरले नाहीत. मालवण आणि तारकर्लीच्या खाऱ्या हवेत चार दिवस राहिलेल्या गाडीला ही काळजी घ्यावीच लागते. आमच्या पहिल्या ब्रॅकेटचे स्क्रू तिथूनच तांबूस होऊन आले होते.

पट्टीची एवढी उठाठेव कशाला, असे यजमानांनीही विचारले होते. ढोबळ हिशेब असा की तीन किलोचा टीव्ही ४० सेंटिमीटर लांब हातावर बाहेर काढला आणि भिंतीवरच्या पट्टीचे वरचे व खालचे बोल्ट १० सेंटिमीटर अंतरावर असले, तर वरच्या बोल्टवर १२ किलोची ओढ येते. खड्ड्यात गाडी आदळली आणि हादरा तिप्पट झाला तर ती ३६ किलोवर जाते. तोच हात मिटून टीव्ही भिंतीपासून ८ सेंटिमीटरवर आणला तर ओढ अडीच किलोच्याही आत येते. म्हणून चालत्या गाडीत हात नेहमी मिटलेला हवा, आणि तो मिटलेलाच राहील अशी कडी हवी. बाजारात १,००० ते १,५०० रुपयांत मिळणारे बहुतेक हात घरासाठी बनवलेले असतात. त्यांना घर्षणावर थांबण्यापलीकडे काही कुलूप नसते. पहिल्याच वळणावर ते सावकाश उघडतात, आणि ब्रेक लागला की दारासारखे आपटतात. आमचा हात १,४०० रुपयांचा असाच घरगुती आहे. तो तीन सांध्यांचा, १५ अंश खाली झुकणारा आणि एरवी मजबूत आहे. त्याला कुलूप मात्र मिस्त्रींनी स्वतः बनवून दिले. मिटलेल्या स्थितीत दोन्ही पट्ट्यांच्या आरपार एक छिद्र पाडले आणि त्यात दोरीला बांधलेली एक पिन घातली. पिन ओढली की हात सुटतो. पूर्ण कामात मला सर्वाधिक आवडलेली वस्तू हीच, आणि तिची किंमत त्यांनी लावलीच नाही.

टीव्हीच्या पाठीवर १० सेंटिमीटरच्या चौकोनात चार छिद्रे असतात. त्यांना वेसा १०० म्हणतात, आणि लहान टीव्हींत हा चौकोन कधीकधी साडेसात सेंटिमीटरचाही असतो. हात घेण्यापूर्वी ते अंतर मोजून घ्यावे. या छिद्रांत एम-४ चे स्क्रू बसतात, आणि इथे लांबीची चूक महागात पडते. जास्त लांब स्क्रू आतल्या सर्किटला टेकतो, आखूड स्क्रू दोन आटे पकडून सुटून येतो. खोक्यात आलेले स्क्रू ब्रॅकेटच्या जाडीसाठी आखूड पडत होते, म्हणून काडेपेटीतली काडी छिद्रात घालून खोली मोजली, त्यात ब्रॅकेटची जाडी मिळवली आणि त्या लांबीचे स्क्रू आणले. प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर आहे आणि आट्यांना थ्रेड लॉकचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकेक थेंब. घरच्या टीव्हीला हे कोणी करत नाही. गाडीत वॉशर नसेल तर स्क्रू पाचशे किलोमीटरमध्ये बोटाने फिरू लागतो.

प्रवासात टीव्हीची तोंडाकडची बाजू आता भिंतीकडे असते. तीन सांध्यांचा हात असल्याने पडदा पूर्ण फिरवून कपाटाच्या कडेला टेकवता येतो. कडेला दोन बोटे जाडीचा फोम चिकटवला आहे, आणि वरून बकलचा पट्टा येतो. उरला पाठीचा भाग; त्यासाठी सासूबाईंनी जुन्या इरकली साडीची एक छोटी वाकळ शिवून दिली, चार घड्यांची, दोन्ही बाजूंना नाड्या असलेली. ही वाकळ धुळीपासून तर वाचवतेच, शिवाय उन्हात उभ्या गाडीत मागच्या काचेतून येणारे ऊन थेट प्लॅस्टिकवर पडत नाही. बंद गाडी मे महिन्यात भट्टीसारखी तापते, आणि तापलेला टीव्ही तसाच लगेच सुरू करू नये. खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. जवळजवळ दीड वर्षात, करूळ आणि आंबा हे दोन्ही घाट कितीतरी वेळा उतरून, या पडद्यावर एकही पांढरा ठिपका आलेला नाही. लहान पडद्यात भिंगे कमी असतात आणि काही टीव्हींत दिवे कडेला असल्याने ती नसतातच, हेही त्यामागचे कारण असेल. पण मी श्रेयाचा मोठा वाटा वाकळीला देते.

साध्या टीव्हीची निवड मी जाणीवपूर्वक केली. बटणाने पुरवठा तोडलेला स्मार्ट टीव्ही दर वेळी शून्यातून सुरू होताना बराच वेळ घेतो, मधेच अपडेटसाठी मोबाइलचा डेटा गिळतो, आणि चार-पाच वर्षांत त्याची ॲप्स जुनी होतात. त्याऐवजी मागे स्ट्रीमिंगची स्टिक लावली. तिला स्वतंत्र चार्जरमधून वीज द्यावी. टीव्हीच्या यूएसबी भोकातून दिली तर ती पुरत नाही आणि स्टिक ऐन सिनेमाच्या मध्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तसेही स्टिकचा उपयोग नेटवर्क असेल तिथेच. दाजीपूरच्या जंगलाकडे मोबाइलची एकही काडी दिसत नाही, तेव्हा कामाला येतो तो पेन ड्राइव्ह. त्याबाबत एकच सूचना : ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही, आणि ही गोष्ट घरातून निघण्याआधी कळलेली बरी.

सासूबाईंना मात्र बातम्या आणि सह्याद्री वाहिनी हवी असते, आणि त्यासाठी आम्ही डीडी फ्री डिश घेतली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने सुरू केलेल्या या सेवेला मासिक भाडे नाही, त्यामुळे वर्षातून चाळीस-पन्नास दिवस वापरणाऱ्यांना हिच्याइतकी सोयीची दुसरी सेवा नाही. जुन्या काळची ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना गाडीवर लावावी असे आमच्या एका नातेवाइकांनी सुचवले होते. पण दूरदर्शनची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे, मोजकी सोडून, २०२२ पर्यंत बंद झाली, त्यामुळे त्या काड्यांवर आता कावळेच बसतील. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. कोल्हापूरहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून १३० अंशांच्या जवळपास आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर असतो. पुणे ते मालवण या पट्ट्यात हे आकडे दोन-तीन अंशांनीच बदलतात. एवढा उंच असल्याचा फायदा असा की आग्नेयेला १० मीटर उंचीचे झाड असले तरी ते सहा मीटरच्या आत असेल तरच अडथळा करते. तबकडी मात्र तितकी आकाशाकडे तोंड केलेली दिसत नाही, कारण तिच्यासमोरचा सिग्नल पकडणारा भाग (एलएनबी) मुद्दाम खाली सरकवलेला असतो. नवखा माणूस तबकडी ६० अंश वळवून बसतो आणि सिग्नल का येत नाही म्हणून दोन तास घाम गाळतो. आम्ही तसे केले आहे.

तबकडी छतावर कायमची बसवण्याऐवजी आम्ही तिपाईवर ठेवतो, आणि आल्याबरोबर होकायंत्राने आग्नेय शोधतो. सासूबाईंच्या लेखी आग्नेय म्हणजे चुलीची दिशा, त्यामुळे गाडी लावताना ‘चूल कुठं येईल’ असे त्या विचारतात आणि तबकडीसाठी मोकळी बाजू आपोआप ठरते. सरावाने हे काम आता दहा मिनिटांत होते. मुसळधार पावसात चित्र गोठते, आणि कोकणात जुलैमध्ये राहायचे तर ते गृहीतच धरावे. १२ व्होल्टवर चालणारा सेट-टॉप बॉक्स मागून घेतला आहे. तो रेग्युलेटरच्या त्याच बारा व्होल्टवर, वेगळ्या छोट्या फ्यूजमधून चालतो.

आवाजाबाबत या टीव्हीला मी फार गुण देऊ शकत नाही. दोन लहान स्पीकर पाठीमागे तोंड करून आहेत, आणि टीव्ही कपाटाच्या कडेला असल्याने आवाज कपड्यांत मुरतो. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की संवाद ऐकूच येत नाहीत. ब्लूटूथ स्पीकर लावून पाहिला, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हे काही वेळाने असह्य होते. शेवटी ऑडिओ जॅकमध्ये वायरीने जोडायचा ४०० रुपयांचा छोटा स्पीकर घेतला आणि तो पलंगाच्या उशाशी ठेवला. दुपारी बाहेरच्या उजेडात पडदा पाहण्याचा तर विचारही करू नये. खुर्च्या बाहेर टाकून सामना पाहण्याची यजमानांची कल्पना चार वाजेपर्यंत आरशात स्वतःचे तोंड पाहण्यावरच संपली. सूर्य मावळल्यावर तीच जागा उत्तम आहे.

वॉरंटीविषयी एक गोष्ट नोंदवते. आमच्या वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घरगुती वापराची अट आहे. दुकानदाराला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘गाडीत आहे असं सांगायचंच कशाला?’ मला तो सल्ला पटला नाही. बिघाड झालाच तर दुरुस्तीचा खर्च आपला, असे धरूनच मी स्वस्त टीव्ही घेतला. टीव्ही, रेग्युलेटर, हात, वायर-फ्यूज, स्पीकर आणि मिस्त्रींची मजुरी मिळून खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला, आणि त्यात टीव्हीचा वाटा सहा हजार आठशेच आहे. कोणी विचारले तर मी सांगते की टीव्ही हजाराने स्वस्त घ्या, पण पट्टी आणि बोल्टमध्ये काटकसर करू नका.

तक्रार एकच शिल्लक आहे. हाताचा मधला सांधा दोन दौऱ्यांनंतर सैल होतो, आणि पडदा आपोआप दाराकडे मान झुकवतो. त्याला नायलॉनचा वॉशर बदलून पाहिला, दुहेरी नट लावून पाहिला, फरक थोडाच पडला. म्हणून ५ नंबरची ॲलन किल्ली आता चमच्यांच्या खणात असते, आणि गाडी मुक्कामाला लागली की चहा उकळेपर्यंत मी तो सांधा अर्धा आटा पिळून घेते.